मोतीराम आहेरची रॅकेट

१

प्रमिला पगार यांना सकाळी कुणाचा फोन आला की त्या आधी दूध गॅसवरून उतरवतात आणि मगच फोन घेतात. माणूस थांबतो, दूध थांबत नाही, असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी मात्र फोन वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला आणि परत वाजायला लागला, तेव्हा बाईंनी दुधाकडे पाठ फिरवली.

"बाई, मी तृप्ती. रॅकेट गेली."

कुठली रॅकेट, हे विचारायची गरज नव्हती. आठवडाभर गोदातट विद्यापीठात दुसरा विषयच नव्हता. पुरुषांच्या टेनिस संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याच संध्याकाळी पाच वाजता सोहळा होता. जुन्या काळी ज्या संघाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं त्याने मुंबई-पुण्याच्या पोरांना हरवून पश्चिम विभागाचा कप आणला होता. त्या संघाचा कप्तान मोतीराम आहेर. त्याची लाकडी रॅकेट त्याने निवृत्त होताना विद्यापीठाला देऊन टाकली होती आणि सोहळ्याचा सगळा मान तिचाच होता.

"कपाट फोडलंय का?"

"नाही ना. कुलूप जसंच्या तसं आहे. आणि किल्ली फक्त माझ्याकडे होती. देवरे सर म्हणतात, पाचपर्यंत मिळाली नाही तर पोलिसात तक्रार करायची. पहिलं नाव माझं."

तृप्ती भोये ही पेठ तालुक्यातली मुलगी, बाईंचीच विद्यार्थिनी. आता विद्यापीठाची क्रीडा संचालक होती, पण करारावर. कायम नेमणुकीची मुलाखत येत्या सोमवारी होती. पोलीस चौकीत नाव गेलेल्या बाईला सोमवारी कोण विचारणार, हे दोघींनाही कळत होतं.

मागे दूध उतू गेलं. बाईंनी ते पुसलंसुद्धा नाही, शाल घेतली आणि निघाल्या.

२

वनस्पतिशास्त्र हा पगारबाईंचा पोटापाण्याचा विषय. जीव होता तो टेनिसच्या रेषेवर. वीसेक वर्षं त्यांनी मैदानाकडेच्या खुर्चीवर बसून रेषेच्या पंचाचं काम केलं होतं. उन्हाने त्यांचा अर्धा चेहरा कायमचा काळवंडला होता आणि त्याचं त्यांना फार कौतुक होतं. चेंडू आत पडला की बाहेर, हे खेळाडूंच्या तोंडाकडे बघून ठरवायचं नसतं, जमिनीवरच्या खुणेकडे बघायचं असतं, असं त्या नव्या पंचांना शिकवत. तोंडं काय, सगळीच निरागस असतात.

मैदानाकडेच्या पॅव्हेलियनमध्ये डॉ. महेश देवरे कोट घालून उभे होते. सोहळ्याचे प्रमुख तेच, आणि संघाचा इतिहास लिहिणारेही तेच. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्ट इस्त्री केलेली असावी, हा त्यांचा हट्ट होता.

"बाई, तुम्ही आलात ते बरं झालं. पण यात शोधायचं काही राहिलेलं नाही. एक कपाट, एक किल्ली."

बाई कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कपाट संघाचंच जुनं, सागवानी. त्याच्या दोन दारांना हल्ली काच बसवली होती. वरच्या फळीवर चांदीचा कप आणि विटलेला ब्लेझर. खालच्या फळीवर चेंडूंचा गंजका डबा, एक शिट्टी, एक पांढरा कॅनव्हासचा बूट आणि जाळं ताणायचा दांडा. मधल्या फळीवर, जिथे रॅकेट असायची, तिथे नुसती लाकडी चौकट होती. जुन्या लाकडी रॅकेटी दमट हवेने वाकत. म्हणून त्या अशा चौकटीत घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची पद्धत होती.

"चोराने चौकट ठेवली आणि रॅकेट नेली," देवरे म्हणाले. "घाईत असणार."

"घाईत असता तर चौकटीसकट उचलली असती," बाई म्हणाल्या. "हे बघा. चारही स्क्रू सोडवले, रॅकेट काढली आणि स्क्रू परत जागच्या जागी फिरवून ठेवले, हरवू नयेत म्हणून. विकायला किंवा भिंतीवर टांगायला नेणारा माणूस चौकट सोडणार नाही. चौकट काढून कधी ठेवतात, ठाऊक आहे का?"

"कधी?"

"खेळायला निघताना."

तृप्तीने चमकून वर पाहिलं. देवरेंनी मान हलवली, म्हणजे ऐकलं पण मानलं नाही. मग त्यांनी बाईंना जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"एक गोष्ट बोलू का? त्या जुन्या संघातले बारकू गावित सर काल संध्याकाळपासून गेस्ट हाउसला आहेत. सुरगाण्याचे. भोये मॅडम पेठच्या. एकाच भागातली माणसं. मी काही आरोप करत नाही, पण..."

"मग करू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा उन्हाने न काळवंडलेला गालही तेवढ्यात रागाने काळा पडला. "पेठ आणि सुरगाणा एकमेकांना लागून आहेत, एवढाच त्याचा अर्थ. भूगोलावरून चोर ठरवायचे तर निम्मं नाशिक आत जाईल."

एवढ्यात बाहेर मोठी गाडी थांबली आणि दारातून खणखणीत आवाज आला, "कुठे हे माझी रॅकेट?"

३

नवनाथ बोरस्ते यांची निफाडला द्राक्षबाग आणि विंचूरला वाइनचा कारखाना. ते त्याच जुन्या संघातले. कारखान्यात पाहुण्यांना वाइन चाखवण्याची खोली आहे, तिच्या भिंतीवर ती रॅकेट लावायची म्हणून ते दोन वर्षं विद्यापीठाच्या मागे लागले होते आणि देवरेंनी दोन वर्षं नाही म्हटलं होतं. त्यामुळे आल्या आल्या त्यांनी देवरेंनाच धारेवर धरलं.

"मला देत नव्हते ना? आता सांभाळा. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला एक कपाट राखता येत नाय." असं बोलत बोलत ते कपाटापाशी गेले आणि खाली वाकले.

बाई त्यांच्या पाठीमागेच होत्या. नवनाथरावांनी मधली फळी पाहिली, चौकट पाहिली, खालची फळी पाहिली. वाकलेला माणूस सरळ झाला तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. ते हसत होते आणि रुमाल शोधत होते.

"देवरे सर, ते तक्रारीचं राहू द्या," ते म्हणाले. "येईल ती परत."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे कोणी नेली ते?"

"मी कुठं म्हटलं तसं?" असं म्हणून ते पायऱ्यांवर जाऊन बसले.

बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. समोर मैदान होतं, आता हिरवा-निळा रंग दिलेलं, सिमेंटचं.

"हे असं नव्हतं हो," नवनाथराव आपणहून सुरू झाले. "मुरमाचं होतं. दर रविवारी आम्ही शेणाने सारवायचो. बूट कोणाकडे होते? सारवलेल्या जमिनीवर अनवाणी खेळायचं. पुण्याची पोरं नाक दाबून उतरायची आणि हरून जायची. रॅकेटी चार आणि आम्ही पोरं आठ-नऊ. त्यातली चांगली एकच, मोतीरामची. तीच सगळ्यांना पाहिजे. पण त्याने कधी नाय म्हटलं नाय. ज्याला पाहिजे त्याने न्यायची, आणि नेणाऱ्याला कशाला नेली म्हणून इचारायचं नाय, असा आमचा नेम."

"हे देवरेंच्या इतिहासात नाही आलं."

"मी लिहून दिलं होतं सगळं. त्यांनी कापलं. म्हणे शेण आणि अनवाणी पाय बरं दिसत नाय."

मग बाईंनी तृप्तीचं सांगितलं. किल्ली, करार, सोमवार, पोलीस. नवनाथरावांचा चेहरा पडला.

"त्या पोरीचं नाव घेतायत का? मला कोणी बोललं नाय." त्यांनी घड्याळ पाहिलं, मग दूर फाटकाकडे पाहिलं. "बाई, पाचला अजून येळ हे. पाचच्या आत ती रॅकेट आली नाय तर मी स्वतः उभा राहून नाव सांगीन. पण तोवर मला इचारू नका. ज्याने नेली त्याने आमचा शब्द पाळलाय, आता मलाबी पाळू द्या."

४

पाच वाजेपर्यंत वाट बघत बसणं पगारबाईंच्या स्वभावात नव्हतं. आणि पाचच्या आत रॅकेट आली नाही, तर नवनाथरावांनी नाव सांगूनसुद्धा तृप्तीवरचा डाग पुरता पुसला जाणार नव्हता. एकाच भागातली माणसं, हे वाक्य देवरेंनी आणखी किती जणांच्या कानात सांगितलं असेल कोण जाणे. बाई फाटकाकडे निघाल्या.

फाटकावर पहारेकरी सावळीराम होता, कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला.

"रॅकेट घेऊन कोणी गेलं नाय बाई. आपण देवाशपथ सांगतो. सकाळपासून येकबी पिशवी तपासल्याबिगर सोडली नाय."

"पिशवी नसलेलं कोणी गेलं का?"

"फिरायला जाणारे जातात की. प्राध्यापकांच्या बंगल्यातले दोघं गेले. गावित सर गेले, उजाडताना."

"कसे गेले?"

"चालत. एवढ्या थंडीत अनवाणी बघा. मी म्हटलं, सर, पाय गारठतील. तं हसले. दवात अनवाणी चाललं का नजर चांगली राहती म्हणतात ना, त्याच्यासाठी असंल. मोठा टॉवेल, त्याची गुंडाळी काखेत. आंघोळीला टाइम लागंल, असं म्हणून गेले."

"आणि परत आले?"

सावळीराम थांबला. त्याला ते तोवर सुचलंच नव्हतं. "नाय आले अजून."

गेस्ट हाउसच्या खोलीत बारकू गावितांची पिशवी होती, फोन चार्जरला लावलेला होता आणि अंथरुणाची नीट घडी घातलेली होती. देवरे मागोमाग आलेच. त्यांनी काही बोलण्याआधी बाईंनी हात वर केला.

"फोन इथेच ठेवून, पिशवी ठेवून कोणी पळून जातं का?"

"पण रॅकेट त्यांनीच नेली, हे तरी मानता?"

"हो," बाई म्हणाल्या. "टॉवेलच्या गुंडाळीत. तेवढं मीही मानते."

देवरेंनी लगेच खिशातून फोन काढला. मागे दारात तृप्ती उभी होती. गावित सरांनी काल संध्याकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवून, आपल्या डोंगरातली पोर एवढी मोठी झाली, असं म्हटलं होतं. आता त्यांच्यामुळेच आपली नोकरी जाणार, आणि तरी त्यांचा राग येत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पाच वाजेपर्यंत म्हणाला होतात," बाईंनी देवरेंना आठवण करून दिली आणि स्वतःचा फोन काढला. "मला आधी रॅकेटच्या मालकाशी बोलू द्या."

मोतीराम आहेर सातपूरला राहत. तिथल्याच एका इंजिनिअरिंग कारखान्यात त्यांनी जन्म काढला होता. सोहळ्याला ते येणार नव्हते. गुडघे दुखतात, असं मुलाने कळवलं होतं. फोन त्यांच्या बायकोने, बयाबाईंनी उचलला. माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं, बोलणं तिकडचंच, अहिराणी.

"त्यास्नी तब्येत बरी नही शे, बाई. झोपेल शेत."

"उठवू नका. फक्त एवढंच विचारायचं होतं..." बाई बोलता बोलता थांबल्या.

बयाबाईंच्या मागून आवाज येत होता. टक्. मग थोडी शांतता. पुन्हा टक्. आताच्या रॅकेटींचा आवाज कोरडा आणि कडक असतो. हा तसा नव्हता. हा लाकडाचा होता, भरलेला आणि जरासा ओलसर, आणि तो बाईंनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"काही नाही, बयाताई," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना झोपू द्या."

५

रॅकेट कुठे आहे ते कळलं होतं. पण ती का नेली, आणि न विचारता का नेली, हे कळल्याशिवाय बाईंना सातपूरला जायचं नव्हतं. आपण जाऊ आणि मागून देवरे पोलिसांना घेऊन येतील, असं त्यांना वाटत होतं. ते झालं तर एका घराची अब्रू जाईल आणि तृप्तीचं नावही त्यात अडकेल. त्या परत कपाटापुढे आल्या.

नवनाथराव या कपाटापुढे वाकले होते रागाने, आणि उठले होते हसत. मधे त्यांनी काय पाहिलं?

सकाळपासून सगळे एकच गोष्ट बघत होते, काय गेलं. बाई खाली बसल्या आणि काय आहे ते बघू लागल्या. डबा. शिट्टी. दांडा. बूट.

"तृप्ती, हा बूट कोणाचा गं?"

"माहीत नाही. सरांनी ठेवला असेल प्रदर्शनासाठी."

"देवरे सर, हा बूट तुम्ही ठेवलात?"

"छे. मला वाटलं मॅडमनी ठेवला. जुना दिसतोय म्हणून मी काही बोललो नाही."

"जुना?" बाईंनी काचेवर बोट टेकवलं. "याला नाडी नाही. वेल्क्रोची चिकटपट्टी आहे, म्हाताऱ्या माणसांना वाकून नाडी बांधता येत नाही म्हणून असते ती. तुमच्या त्या कपाच्या काळात ही असली पट्टी इथे कुणी पाहिलीही नव्हती. आणि मुख्य म्हणजे, हा संघ अनवाणी खेळायचा. त्यांच्या इतिहासात बूट नव्हताच मुळी."

देवरेंनी वाकून पाहिलं. बुटाला पायरीवरची ताजी धूळ लागलेली होती.

"मग तो आत गेला कसा? किल्ली तर..."

बाईंनी कपाटाचं डावं दार दोन्ही हातांनी किंचित वर उचललं आणि स्वतःकडे ओढलं. कुलूप लागलेलं असतानाच ते सरकून उघडलं. सागवान जुनं होतं आणि बिजागरी त्याहून ढिली. "नवी काच बसवलीत, बिजागरी जुनीच ठेवलीत. ज्यांनी पोरवयात या कपाटातून रोज रॅकेटी काढल्या, त्यांना किल्ली कधी लागलीच नाही."

सकाळपासून मुठीत धरलेली किल्ली तृप्तीने जमिनीवर ठेवली.

"नवनाथराव," बाईंनी पायऱ्यांकडे बघून हाक मारली, "नेणाऱ्याला विचारायचं नाही, हा अर्धा नेम तुम्ही सांगितलात. उरलेला अर्धा मी सांगू का? नेणाऱ्याने जाताना स्वतःचं पायताण ठेवायचं."

नवनाथराव आत आले. आता त्यांनी रुमाल लपवला नाही.

"एका पायाची चप्पल," ते म्हणाले. "तिच्यावाचून घरी जाता येत नाय, म्हणून माणूस परत येतोच. चप्पल दिसली का समजायचं, रॅकेट चोरीला गेली नाय, नेलीय. बारक्याचे ते नवे बूट काल रात्री गेस्ट हाउसवर मीच पाहिले. सोहळ्यासाठी घेतले म्हणाला."

ज्या पानावर ही चप्पल होती ते पान देवरेंनीच कापलं होतं. बरं दिसत नाही म्हणून.

६

नवनाथरावांच्या गाडीतून तिघं सातपूरला गेली, बाई, तृप्ती आणि ते. कारखान्यांची सकाळची पाळी सुटली होती आणि रस्ता मोटारसायकलींनी भरला होता. आहेरांचं घर एका कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. पुढचं दार न वाजवता तिघं घराला वळसा घालून मागे गेली.

मागे कुंपणाची उंच भिंत होती. तिच्यापुढे स्वेटर घातलेला एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. हातात लाकडी रॅकेट. तो चेंडू भिंतीवर मारत होता, परत आलेला घेत होता, पुन्हा मारत होता. मनगट असं फिरत होतं की तृप्ती बघतच राहिली. बाजूला अनवाणी पायांनी बारकू गावित चुकलेले चेंडू गोळा करत होते. दाराच्या चौकटीला टेकून बयाबाई उभ्या होत्या.

गावितांनी वळून पाहिलं आणि ते ओशाळले. पण मोतीरामने पाहिलंच नाही.

"दोन साल झालं त्याला विसरायचा आजार हाय," गावित हळू आवाजात म्हणाले. "मागं आलो तं मला म्हणाला, तुम्ही कोण. एका मैदानात वाढलो आम्ही, जोडीनं खेळलो. वहिनीलाबी ओळखत नाय. नुसता बसून राहायचा. पण हात सारखा असा करायचा." त्यांनी मूठ वळून दाखवली. "मला वाटलं, हाताला आठवत असंल. म्हणून रॅकेट आणली. सकाळपासून थांबलाच नाय बघा. म्हणून मलाबी परत येता आलं नाय."

"विद्यापीठात मागायची होती, सर," तृप्ती म्हणाली.

"मागितली असती तं कशाला म्हणून इचारलं असतं. वहिनीला मी शब्द दिला होता, कोणाला सांगणार नाय. मंग खोटं बोलायचं का? म्हणून आपल्या नेमानं नेली. बूट तं समोरच ठेवला होता. कोणालाच कळलं नाय?"

त्यांना खरंच कोडं पडलं होतं. नवनाथराव म्हणाले, "मला कळलं बारक्या. पण त्यांनी या पोरीवर आळ घेतला. पाचला पोलीस येणार हेत."

गावितांचा चेहरा पांढरा पडला. ते तृप्तीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. तृप्तीने ते हात धरून खाली घेतले आणि सोडलेच नाहीत.

"चला," गावित म्हणाले. "मी सांगतो सगळं. पण मोतीरामचं नाव नाय यायला पाहिजे."

"लोक हसतीन त्यास्ले," बयाबाई म्हणाल्या. "एवढा मोठा खेळाडू. तिथं जाईसन कोण तू, कोण तू इचारतीन त्या. मी नही पाठवणार."

बाईंना त्यांचं म्हणणं कळत होतं. पण चेंडूचा आवाज थांबला होता. मोतीराम रॅकेट काखेत धरून सगळ्यांकडे बघत होते. ओळख कुणाचीच नव्हती. पण एवढी माणसं मैदानाकडेला जमली म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं.

"मॅच शे ना आज?" ते म्हणाले, आणि फाटकाकडे चालायला लागले.

बयाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या मागे निघाल्या.

७

पॅव्हेलियनमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. देवरे दारातच उभे होते, कपाळावर घाम, हातात फोन. बाईंनी त्यांना फार काही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "बाजूला व्हा आणि बघा."

मोतीराम आत आले. हार घेऊन आलेल्या मुलींकडे त्यांनी पाहिलं नाही, कुलगुरूंच्या नमस्काराकडे पाहिलं नाही. कपाट दिसल्यावर पाय आपोआप तिकडे वळले. डावं दार किंचित उचललं, ओढलं. चौकटीचे स्क्रू सोडवले, रॅकेट आत बसवली आणि समोरासमोरचे कोपरे धरून एकेक स्क्रू सारखा आवळला.

मग त्यांनी खालच्या फळीवरचा बूट उचलला.

बूट हातात घेऊन ते वळले आणि लोकांच्या पायांकडे बघू लागले. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. चकचकीत बूट, मोजडी, चपला. एकेका पायावरून नजर सरकत गेली आणि नवनाथरावांच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन अनवाणी, भेगाळलेल्या पायांवर थांबली. मोतीराम त्या पायांपाशी गेले. गुडघा धरत, हळूहळू खाली बसले.

"हाऊ तुना शे," ते म्हणाले आणि त्यांनी बारकू गावितांच्या पायात बूट घातला.

त्यांना बारकूचं नाव आठवलं नव्हतं. बहुधा पुढेही आठवणार नव्हतं. पण ज्याने रॅकेट परत आणली त्याचं पायताण त्याला द्यायचं, हे त्यांना आठवत होतं. गावित उभ्या उभ्या रडत होते आणि मोतीराम चिकटपट्टीशी खटपट करत होते, कारण असली पट्टी त्यांनी कधी लावली नव्हती.

उठल्यावर मात्र हात रिकामे झाले. मूठ वळली, सुटली, परत वळली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि डोळ्यांतलं काहीतरी विझायला लागलं. बयाबाई लगेच पुढे झाल्या. "चला, घर जाऊत," त्या म्हणाल्या. त्यांनी एकदा कपाटाकडे पाहिलं, पण मागितलं काही नाही. विद्यापीठाला दिलेली वस्तू होती ती. परत कशी मागणार?

तृप्तीने देवरेंकडे पाहिलं. नेमाप्रमाणे संग्रहातली वस्तू बाहेर द्यायला तीन सह्या लागतात, हे तिला पाठ होतं आणि तो नेम देवरेंचाच होता.

देवरे तिच्यासमोर येऊन उभे राहिले. दिवसभरात ते या मुलीबद्दल जे बोलले होते ते मागे घ्यायचे शब्द त्यांच्या इस्त्रीच्या मराठीत नव्हते. शेवटी ते सगळ्या सभेसमोर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, वाकले आणि उजव्या बुटाची नाडी सोडू लागले.

तो काळा, पॉलिश केलेला बूट त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला. मग चौकटीतून रॅकेट काढली. स्क्रू मात्र परत लावायचे राहून गेले, ते बाईंनी लावले.

"आहेर साहेब," देवरे म्हणाले आणि रॅकेट दोन्ही हातांनी पुढे केली, "ही घेऊन जा. कशाला, ते मी विचारणार नाही."

मोतीरामच्या मुठीत रॅकेटची मूठ बसली. बयाबाईंनी तृप्तीचा हात घट्ट धरला. नवनाथरावांनी मोठ्याने नाक शिंकरलं.

त्या संध्याकाळी संघाच्या इतिहासावर भाषण करायला डॉ. महेश देवरे एका पायात बूट आणि एका पायात मोजा घालून उभे राहिले. लिहून आणलेले कागद त्यांनी खिशातून काढलेच नाहीत. "आपलं मैदान," त्यांनी सुरुवात केली, "पहिल्यांदा शेणाने सारवलेलं होतं."